पुण्यात बिऱ्हाड कोठे करावे?

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत बदल्यांचे आदेश निघतात आणि राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांत एकच विचार सुरू होतो. पुण्यास जावयाचे हे ठरले. पण बिऱ्हाड करावयाचे कोठे? शहरात, की उपनगरात? हा प्रश्न केवळ शासकीय कर्मचाऱ्यांचा नाही. मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडणारा शेतकरी, कारखान्यात वा संगणक कंपनीत नोकरी लागलेला तरुण, सेवानिवृत्तीनंतर मुलांजवळ येऊन राहू इच्छिणारा शिक्षक या सर्वांपुढे तो उभा असतो. बहुधा त्याचा निर्णय दोन आकड्यांवर होतो. एक, घराचे भाडे किंवा किंमत. आणि दुसरा, कचेरीपासूनचे अंतर. हे दोन्ही आकडे महत्त्वाचे आहेत, परंतु पुरेसे नाहीत. पुण्याची वाढ ज्या रीतीने झाली ती ध्यानी घेतल्यास या प्रश्नाकडे अधिक डोळसपणे पाहता येते.

पेठही एके काळी गावकुसाकडेचीच

आज ज्यास सारे 'मूळ शहर' म्हणतात, त्याचा बराचसा भाग एके काळी गावाच्या कडेची वस्ती होता. कसबा ही पुण्याची जुनी वस्ती. तिच्या भोवती एकेक पेठ वसत गेली. सदाशिवरावभाऊंच्या नावाची सदाशिव पेठ आणि नारायणराव पेशव्यांच्या नावाची नारायण पेठ ही अठराव्या शतकातील भर होय. त्याच शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने पाणी आणून ते शहरातील हौदांत सोडण्यात आले. वस्ती वाढवावयाची तर पाण्याची तजवीज हवी, हे त्या काळच्या कारभाऱ्यांनी ओळखले होते.

पुढे लकडी पुलापलीकडे डेक्कन जिमखाना व एरंडवणे या भागांत बंगल्यांच्या वसाहती झाल्या. पेठेत जन्मलेल्या माणसास नदी ओलांडून राहावयास जाणे म्हणजे गाव सोडण्यासारखेच वाटत असे. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे शहर व पुणे उपनगर या दोन नगरपालिकांची मिळून पुणे महानगरपालिका झाली. म्हणजे उपनगराचे शहर होणे ही पुण्यास नवी गोष्ट नाही.

या वाढीस एका आपत्तीने अकस्मात गती दिली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि नदीकाठच्या पेठांतून पाणी शिरले. हजारो कुटुंबांचे संसार वाहून गेले. या पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती उभारण्यात आल्या. तेथे गेलेल्या कुटुंबांनी काही उपनगर निवडले नव्हते. ते त्यांच्या वाट्यास आले होते. बाजार, शाळा, दवाखाना सारे मागे पेठेत राहिलेले. परंतु काही वर्षांत तेथे रस्ते झाले, शाळा झाल्या, बस पोहोचली, आणि आज त्या वसाहतींना कोणी उपनगर म्हणत नाही.

यातून एक सूत्र हाती लागते. पुण्यात उपनगर हे कायमचे उपनगर राहत नाही. प्रश्न एवढाच असतो, की त्याचे शहर होण्यास किती वर्षे लागतील आणि ती मधली वर्षे कोणी, कशी काढावयाची. उपनगरात घर घेणारे कुटुंब जागेबरोबर ही मधली वर्षेही विकत घेत असते. किमतीतील स्वस्ताई हा बहुतेक वेळा या प्रतीक्षेचाच मोबदला होय.

माणसे आधी, सोयी मागाहून

स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या वायव्येस उद्योगांची वस्ती उभी राहिली. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शिवारांत कारखाने आले. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अशा पायऱ्या या परिसराने चढल्या. निगडी-आकुर्डी भागात प्राधिकरणाने जमिनी संपादन करून सेक्टर आखले, रुंद रस्ते काढले आणि मग भूखंड दिले. हे प्राधिकरण २०२१ मध्ये विसर्जित झाले. पण त्याने आखलेल्या वसाहतींतून फिरताना, आधी आखणी व मागाहून घरे या क्रमाचा लाभ आजही सहज दिसतो.

या वाढीचा वेग जनगणनेत स्पष्ट दिसतो. २००१ मध्ये पुणे महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे २५ लाख ३८ हजार होती, ती २०११ मध्ये सुमारे ३१ लाख २४ हजार झाली. त्याच दहा वर्षांत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सुमारे १० लाख १२ हजारांवरून १७ लाख २८ हजारांपर्यंत गेली. म्हणजे पुण्याच्या निम्म्याहूनही लहान असलेल्या शहराने या दशकात पुण्यापेक्षा अधिक माणसे सामावून घेतली.

पुण्याच्या इतर दिशांना मात्र हा क्रम बहुधा उलटा राहिला. १९९७ मध्ये ३८ गावे महानगरपालिकेत घेण्यात आली. पुढे त्यांतील काही पूर्णतः वा अंशतः वगळण्यात आली. २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये आणखी २३ गावे समाविष्ट झाली, आणि महानगरपालिकेचे क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेले. यांपैकी कित्येक गावांत महानगरपालिका पोहोचण्यापूर्वीच दहा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या होत्या. घरे आधी झाली. जलवाहिनी, मैलापाण्याची व्यवस्था आणि रस्ते यांची कामे मागाहून सुरू झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्यान वाढले, ते ग्रामपंचायतीच्या हद्दीत. हजारो तरुण तेथे नोकरीस येऊ लागले, तेव्हा त्या परिसराचे रस्ते व पाणीयोजना एका खेड्याच्या मापाच्या होत्या.

मुंबईची उपनगरे रेल्वेच्या मार्गालगत वाढली. आधी रूळ व स्थानक, मग वस्ती, असा तेथील जुना क्रम. पुण्यात पुणे-लोणावळा ही उपनगरी गाडी १९७८ मध्ये सुरू झाली. परंतु इतर बाजूंची उपनगरे रेल्वेने घडविलेली नाहीत. ती रस्त्यांनी, आणि खरे म्हणजे दुचाकी वाहनांनी घडविली. एके काळचे सायकलींचे शहर स्कूटरवर बसले आणि दहा-पंधरा किलोमीटरवरचे गाव 'जवळ' वाटू लागले. आजची वाहतुकीची कोंडी ही त्या जवळिकीची पुढील पायरी होय.

पाण्याचा हिशेब

घर पाहावयास गेलेला मनुष्य खोल्या मोजतो, उजेड पाहतो, नळ सोडून पाहतो. नळास पाणी येते, एवढ्याने त्याचे समाधान होते. ते पाणी कोठून येते, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. पुण्याच्या उपनगरांत हा पहिला प्रश्न असावयास हवा.

शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना दर माणशी दररोज सुमारे १३५ लिटर हे प्रमाण धरून आखल्या जातात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी हे प्रमाण ५५ लिटर आहे. खेड्याच्या राहणीस अनुसरून आखलेली योजना आणि तिच्यावर अवलंबून असलेले बहुमजली गृहसंकुल, ही विसंगती शहराच्या सीमेवर ठिकठिकाणी आढळते. पाच माणसांच्या कुटुंबास १३५ लिटरच्या प्रमाणाने दररोज ६७५ लिटर पाणी लागते. शंभर सदनिकांच्या संस्थेस ६७,५०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ सात टँकर. जेथे नळाचे पाणी नाही तेथे हे टँकर विकत घ्यावे लागतात आणि त्यांचा खर्च संस्थेच्या मासिक वर्गणीतून निघतो. घराच्या हप्त्याचा हिशेब करताना हा आकडा बहुधा कोणाच्या कागदावर नसतो. उन्हाळ्यात कूपनलिका आटू लागल्या की तो वाढतो.

पाण्याची शुद्धता हा याहून गंभीर भाग. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. हातापायांतील शक्ती एकाएकी जाणे हे या विकाराचे लक्षण. दूषित पाण्याचा संशय व्यक्त झाला आणि काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. तेथील काही गावे महानगरपालिकेत येऊन साडेतीन वर्षे झाली होती. परंतु त्यांना शुद्धीकरण केंद्रातील पाणी मिळत नव्हते, विहिरीचे पाणी निर्जंतुक करून दिले जात होते. खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पुरे झाले. त्यास दीडशे वर्षे होत आली, आणि त्या धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्या कुटुंबांवर ही वेळ यावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. गाव हद्दीत आले म्हणजे सोय आली असे नव्हे, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

सबब घर पाहताना संस्थेच्या सचिवास तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. महानगरपालिकेची वा ग्रामपंचायतीची नळजोडणी आहे काय? गेल्या मे महिन्यात टँकर किती आले व त्यांचे बिल किती झाले? पिण्याच्या पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे मिळत नसतील, तर तेही एक उत्तरच समजावे.

वेळ हाही खर्चच

समजा, विदर्भातील एखाद्या तालुक्याच्या गावाहून एक कर्मचारी बदलून येतो. त्याची कचेरी पुणे स्थानकाजवळच्या मध्यवर्ती इमारतीत आहे. पत्नी शिक्षिका, दोन मुले शाळेत, घरी वृद्ध आई. शहरालगत राहिल्यास त्यास कचेरीस पोहोचण्यास अर्धा तास लागतो. दूरच्या उपनगरातून एक तास साडेसात मिनिटे. जाऊन येऊन दररोज सव्वा तास अधिक. वर्षात कामाचे २५० दिवस धरले तर ३१२ तासांहून अधिक, म्हणजे तेरा अहोरात्र रस्त्यावर जातात. या तासांतच मुलांचा अभ्यास घ्यावयाचा असतो, आईस दवाखान्यात न्यावयाचे असते. भाड्यात वाचलेल्या रकमेस या तासांनी भागून पाहिले, म्हणजे आपला एक तास आपण किती रुपयांस विकला हे कळते. कधी हा सौदा फायद्याचा ठरतो, कधी नाही. परंतु तो हिशेब करूनच केलेला बरा.

येथे नवीन सोयींची दखल घेतली पाहिजे. २००७ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवड येथील महापालिकांच्या बससेवा एकत्र होऊन पीएमपीएमएल अस्तित्वात आली. ६ मार्च २०२२ रोजी मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला, आणि सप्टेंबर २०२४ अखेर वनाज ते रामवाडी व पिंपरी-चिंचवड महापालिका भवन ते स्वारगेट असे दोन मार्ग पुरे झाले. यामुळे अंतराचा अर्थ बदलला आहे. पिंपरीहून स्वारगेट नकाशावर दूर. परंतु मेट्रोने ते वेळेच्या दृष्टीने जवळ आले. उलट शहरापासून थोड्याच अंतरावरचे, पण एकाच अरुंद रस्त्याने जोडलेले उपनगर सकाळी नऊ वाजता फार दूर होऊन बसते. म्हणून घर रविवारी दुपारी पाहू नये. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी, ज्या साधनाने रोज जावयाचे त्याच साधनाने एकदा जाऊन यावे. किलोमीटर विचारण्यापेक्षा ही एक फेरी अधिक सांगून जाते.

पेठेतील घराची दुसरी बाजू

यावरून शहरातील घर सर्वथैव चांगले असा समज होऊ नये. पेठेत मंडई, शाळा, वाचनालय, दवाखाना हे सारे पायी चालण्याच्या अंतरावर असते. हुजूरपागेसारख्या एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या शाळा याच भागात आहेत. ज्या घरात वाहन चालविणारे कोणी नाही, ज्या घरात वृद्ध माणसे आहेत, त्यांना ही सोय मोलाची वाटते. सकाळी भाजी आणावयास निघालेल्या आजोबांस चार ओळखीची माणसे भेटतात. हे सुख कोणत्याही मोजपट्टीने मोजता येत नाही.

परंतु जुने वाडे जीर्ण झाले आहेत. दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींना नोटिसा द्याव्या लागतात. मालक आणि भाडेकरू यांच्यातील वाद वर्षानुवर्षे चालतात आणि त्यामुळे वाड्यांची पुनर्बांधणी रखडते. जुन्या वाड्यात बिऱ्हाड करणाऱ्याने भाडेकरार लेखी व नोंदणीकृत आहे ना, हे पाहिलेच पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार करार लेखी असणे व त्याची नोंदणी होणे आवश्यक आहे. याशिवाय वाहन ठेवण्यास जागा नाही, गल्ल्या अरुंद, दोन खोल्यांत पाच माणसे, मुलांस खेळावयास अंगण नाही, या अडचणी आहेतच. उपनगरातील मोकळी हवा, मोठ्या खोल्या आणि मुलांना मिळणारी बाग हे काही थोडे लाभ नव्हेत. ज्याची नोकरीच चाकण, हिंजवडी वा हडपसर या बाजूस आहे, त्याने केवळ 'शहरात राहावे' या ओढीने पेठेत घर घेणे म्हणजे उलट दिशेचा प्रवास विकत घेणे होय.

हद्द कोणाची? कागद कोणते?

पुण्याच्या परिसरात एकाच रस्त्याच्या दोन बाजूंस दोन निरनिराळे कारभार असू शकतात. पुणे महानगरपालिका, पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, पुणे, खडकी व देहू रोड या तीन छावण्या, नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती, असे अनेक कारभार येथे शेजारी शेजारी चालतात. त्यांच्या भोवतालच्या सुमारे सात हजार चौरस किलोमीटर क्षेत्राच्या नियोजनासाठी ३१ मार्च २०१५ रोजी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. जाहिरातीत मात्र या सर्वांस 'पुणे' असेच नाव असते. पाणी कोण देणार, कर कोणास भरावयाचा, कचरा कोण उचलणार, मुलाचा जन्मदाखला कोण देणार, या साऱ्यांची उत्तरे हद्दीवर अवलंबून असतात. म्हणून घराचा पत्ता विचारण्यापूर्वी हद्द विचारावी.

घर विकत घ्यावयाचे असल्यास कागदपत्रांची तपासणी स्वतः करावी किंवा जाणत्या वकिलाकडून करून घ्यावी. जमिनीचा सातबारा उतारा व फेरफार, शहरी भागात मिळकत पत्रिका, अकृषिक वापराची परवानगी, झोन दाखला, सक्षम प्राधिकरणाने मंजूर केलेला नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि इमारत तयार असल्यास भोगवटा प्रमाणपत्र, हे कागद पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार १ मे २०१७ पासून महारेरा कार्य करीत आहे. नोंदणीस पात्र असलेल्या प्रकल्पाची माहिती, मंजुऱ्या व पुरे करण्याची तारीख तिच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधनही या कायद्याने विकासकावर घातले आहे.

सर्वांत अधिक फसगत होते ती गुंठ्या-अर्ध्या गुंठ्याच्या तुकड्यांत. आयुष्यभराची पुंजी घालून, केवळ नोटरीसमोर केलेल्या कागदावर विसंबून जागा घेणारी कुटुंबे शहराच्या कडेस आजही आढळतात. नोटरीचा शिक्का म्हणजे मालकी नव्हे. स्थावर मिळकतीचे हस्तांतर दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते, आणि नोंदणी झाली तरी तेथील बांधकाम कायदेशीर ठरतेच असेही नाही. दस्त व बांधकाम परवानगी या दोन स्वतंत्र बाबी आहेत. एकीच्या आधारे दुसरी गृहीत धरू नये.

नदी विसरत नाही

पुण्याच्या संदर्भात आणखी एक गोष्ट पाहणे अगत्याचे आहे, ती म्हणजे पाण्याची वाट. १९६१ नंतर नदीकाठ सोडून उंचावर गेलेल्या शहराने पुढे पुन्हा नदीकाठी आणि ओढ्यांच्या कडेस घरे बांधली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्यास पूर आला आणि कात्रज ते सहकारनगर, अरण्येश्वर या पट्ट्यात माणसे दगावली. २५ जुलै २०२४ रोजी मुसळधार पाऊस आणि धरणातून सोडलेले पाणी यांमुळे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरात घरांतून पाणी शिरले. शहरातील भाग असो वा उपनगरातील, नदीची निळी व लाल पूररेषा कोठून जाते, आणि इमारतीच्या जागी पूर्वी ओढा होता काय, हे चौकशी करून घ्यावे. जुन्या गावकऱ्यांस ते ठाऊक असते. नवीन इमारतीच्या रंगीत पुस्तिकेत ते लिहिलेले नसते.

ज्याची गरज तशी निवड

या विवेचनावरून सर्वांस लागू पडेल असे एकच उत्तर देता येत नाही. पण विचाराची दिशा सांगता येते. बदलीने येणाऱ्या अधिकाऱ्याचा एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा असतो. त्याने आल्या आल्या घर विकत घेण्याची घाई करू नये. पहिले वर्ष कचेरी व शाळा या दोहोंच्या मध्ये भाड्याने राहावे आणि शहराची ओळख करून घ्यावी. उपनगराच्या शहर होण्याची वाट पाहण्याएवढी वर्षे त्याच्या हाती नसतात.

ज्या तरुण दांपत्यास याच परिसरात आयुष्य काढावयाचे आहे आणि ज्याचे काम उपनगरातच आहे, त्याने उपनगरातील घर अवश्य घ्यावे. मात्र ज्या ठिकाणी पाणी, मैलापाण्याची व्यवस्था आणि सार्वजनिक वाहतूक यांपैकी निदान दोन गोष्टी आज प्रत्यक्ष आहेत, असेच ठिकाण निवडावे. होणार असलेला रस्ता, येणार असलेली मेट्रो आणि मंजूर झालेली योजना यांवर किंमत आजच द्यावी लागते. सोय मात्र तिच्या वेळेनेच येते.

सेवानिवृत्त माणसाने घराच्या मोठेपणापेक्षा जिने, दवाखाना आणि पायवाट पाहावी. सातव्या मजल्यावरील मोठी सदनिका उद्वाहन बंद पडल्याच्या दिवशी तुरुंगासारखी होते. पेठेतील लहान घर कदाचित त्यास अधिक मोकळे वाटेल.

ग्रामपंचायतींचे दायित्व

या प्रश्नाची दुसरी बाजू शहरालगतच्या गावांची आहे. जो परिसर आज उपनगर म्हणून विकला जातो, तो काल कोणाची तरी ज्वारीची वा भाजीपाल्याची जमीन होता. खडकवासला साखळीतील पाणी शहरास लागते, तसेच ते हवेली, दौंड, इंदापूर या तालुक्यांतील शेतीसही लागते. गावाच्या गरजेचा विचार न करता केलेली शहराची वाढ काय करते, हे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी अनुभवले आहे. शहराचा कचरा तेथे वर्षानुवर्षे टाकला गेला. ही गावे २०१७ मध्ये महानगरपालिकेत आली आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. ग्रामस्थांस हद्दीपेक्षा सोयी मोलाच्या वाटतात, असा याचा अर्थ होय.

याउलट हडपसर येथील मगरपट्ट्यात शेतकरी कुटुंबांनी आपल्या सुमारे चारशे एकर जमिनी तुकड्यातुकड्यांनी न विकता एकत्र आणल्या, कंपनी स्थापन केली आणि स्वतःच्या भागीदारीने नगर उभारले. रस्ते, उद्याने, कचेऱ्या व घरे यांची एकत्रित आखणी झाली आणि जमिनीचा मालक वाढीचा भागीदार राहिला. प्रत्येक गावास हे साधेल असे नाही. परंतु गायरान राखणे, ओढे बुजू न देणे, शाळेस व दवाखान्यास जागा आताच ठेवणे, आणि पाण्याचा स्रोत सिद्ध झाल्याशिवाय नवीन वस्तीस प्रोत्साहन न देणे, एवढे प्रत्येक ग्रामपंचायतीस करता येण्यासारखे आहे. ग्रामसभेत या विषयांची चर्चा झाली आणि ठराव नियोजन प्राधिकरणाकडे वेळेवर गेले, तर मधली वर्षे निश्चितच कमी होतील.

बंधुभगिनींनो, शहर आणि उपनगर यांपैकी एक चांगले व दुसरे वाईट असा हा प्रश्न नाही. आजच्या पेठा कालच्या कडेच्या वस्त्या होत्या आणि आजची उपनगरे उद्याचे शहर असतील. या दोहोंमधील काळ सुखाचा जाणार की हालअपेष्टांचा, हे घर घेणाऱ्याच्या चौकसपणावर जितके अवलंबून आहे, तितकेच गाव चालविणाऱ्यांच्या दूरदृष्टीवर आणि प्रशासनाच्या तत्परतेवर अवलंबून आहे. बिऱ्हाड करणाऱ्याने नळाचे पाणी कोठून येते हे विचारावे, आणि गावच्या कारभाऱ्यांनी वस्ती येण्यापूर्वी ते पाणी आणून ठेवावे. अडीच शतकांपूर्वी कात्रजहून नळ आणणाऱ्या शहरास हा क्रम नव्याने शिकावयाचा नाही. केवळ आठवावयाचा आहे.